लग्नाची रजा आणि वारसाचं नाव

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात मनुष्यबळ विभागाची कामं मार्गी लावताना मी कुठल्याही कारखान्यात आधी दोन याद्या मागतो. गेल्या वर्षी लग्नासाठी रजा कोणी घेतली, ही पहिली. त्यांपैकी किती जणांचं भविष्यनिर्वाह निधीतलं नामनिर्देशन नंतर बदललं, ही दुसरी. पहिली यादी लांबलचक असते. दुसरी बहुतेक ठिकाणी जवळजवळ कोरी.

पोरगा आयटीआय करून कामाला लागतो तेव्हा वारस म्हणून आईचं नाहीतर भावाचं नाव लिहितो. पुढे लग्न होतं. निधीच्या योजनेप्रमाणे लग्नाआधीचं नामनिर्देशन लग्नानंतर ग्राह्य राहत नाही, नव्यानं करावं लागतं. कंपनीला तर लग्न झालेलं माहीत असतं! रजा साहेबांनी मंजूर केलेली असते, पत्रिका टाइम ऑफिसात आलेली असते, आरोग्य विम्यात बायकोचं नावही चढलेलं असतं. तरी निधीचा कागद जुनाच राहतो, कारण तो बदलून घेणं हे नेमकं कोणाचं काम, हे कधी ठरलेलंच नसतं.

वर्कफ्लोची गरज मला इथे दिसते. एक गोष्ट घडली की पुढचं काम कोणाकडे जाणार, ते किती दिवसांत व्हायचं आणि नाही झालं तर कोणाला कळणार, हे आधी ठरवून ठेवायचं. लग्नाची रजा संपवून माणूस हजर झाला की त्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप गेला पाहिजे: नामनिर्देशन नवं करा, बायकोचं आधार आणि बँक पासबुक ताडून बघा. हे ताडणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. आधार माहेरच्या नावाचं आणि पासबुक सासरच्या, असं सर्रास आढळतं. नवरा हयात असताना ही दुरुस्ती दोन-चार हेलपाट्यांत होते. तो गेल्यावर त्याच बाईला प्रतिज्ञापत्रं गोळा करत फिरावं लागतं.

सेवेत असताना कामगार दगावला तर कुटुंबाला काय मिळायचं असतं? निधीची शिल्लक. १९९५ च्या योजनेचं विधवा निवृत्तिवेतन, शिवाय एका वेळी दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत वेगळी रक्कम. निधीशी जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख रुपये, ज्याचा पत्ता अनेक घरांना नसतोच. आणि ग्रॅच्युइटी. मृत्यू झाला असेल तर तिला पाच वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही. अर्ज येवो न येवो, रक्कम मालकानं स्वतः ठरवायची आणि ३० दिवसांत द्यायची, हे १९७२ च्या कायद्यानं सांगितलं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही तसंच ठेवलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. ज्याचा मेहुणा युनियनमध्ये आहे, ज्याच्या तालुक्यातला अधिकारी पर्सोनलमध्ये आहे, त्याच्या घरी पैसे लवकर पोहोचतात. जिच्यासाठी बोलणारं कोणी नाही ती बाई मराठवाड्यातल्या गावाहून रात्रीची एसटी धरून येते आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढं ऐकून परत जाते. हक्क दोघींचा सारखाच. या फरकाची मला चीड येते, आणि सगळ्यांसाठी एकच ठरलेली वाट असावी हा माझा आग्रह त्यातूनच आला आहे. मृत्यूची नोंद झाली की सगळे दावे एकदम सुरू व्हावेत, प्रत्येकाला एक जबाबदार माणूस असावा आणि विसाव्या दिवशीही काम अडलेलं असेल तर ते थेट कारखाना प्रमुखाच्या समोर यावं.

ही वाट आखताना सॉफ्टवेअर शेवटी घ्यावं. आधी टाइम ऑफिसात बसून कागद आज खरोखर कुठून कुठे फिरतो ते बघावं. नोकरी सोडणाऱ्याचा ‘नो ड्यूज’चा कागद स्टोअर, कँटीन, आयटी असा एकेका टेबलावरून जातो. या सगळ्यांना एकाच वेळी विचारता येतं. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं आहे. सह्यांची जुनी वरात त्यात बसणारच नाही. ज्या साहेबानं आजवर एकही अर्ज नाकारलेला नाही त्याची सही मी सरळ काढून टाकायला सांगतो.

मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती धरावी का? कँटीनच्या बाकीपुरती खुशाल धरावी. शिस्तभंगाच्या बाबतीत कधीही नाही. तिथे माणसानं वाचून, विचार करून, आपल्या नावानं निर्णय द्यायला हवा. निलंबित कामगाराचा निर्वाह भत्ता मात्र यंत्रणेवर सोडावा. पहिले ९० दिवस तो निम्म्या वेतनाइतका असतो. पुढे चौकशीचा उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. एक्याण्णवाव्या दिवशी हा प्रश्न आपोआप टेबलावर यावा. कामगाराला तो आठवून द्यावा लागू नये.

साच्यात बसवू नये असंही बरंच आहे. मृताच्या घरी कोण जाणार, काय बोलणार, ते फॉर्ममध्ये लिहून होत नाही. शिवाय प्रत्येक प्रक्रियेला अपवादाची वाट हवी. कोणी, का आणि कोणासाठी अपवाद केला, हे तिथे नोंदलं गेलं म्हणजे झालं.

ठेकेदाराचे कामगार अजून या सगळ्याच्या बाहेर आहेत. तीच लाइन, तेच मशीन, पण कंपनीच्या यंत्रणेत त्यांचं अस्तित्व गेट पासपुरतं. म्हणून मी आता गेट पासपासूनच सुरुवात करायला सांगतो. पास नव्यानं देताना निधीचा क्रमांक, गेल्या महिन्याचा भरणा आणि वारसाचं नाव या तीन गोष्टी तपासाव्यात. काही नसेल तर कामगाराला दारात अडवू नये. नोटीस ठेकेदाराला जावी आणि पूर्तता होईपर्यंत त्याच्या बिलाची तेवढी रक्कम रोखून धरावी.