बादली की शॉवर?

नवीन फ्लॅट घेतला की इंटिरिअरवाल्याचा प्रश्न ठरलेला, 'सर, रेन शॉवर टाकू या ना?' नांदेडच्या आमच्या ऑफिसात निम्मी जनता सध्या होम लोनवाली. त्यामुळे लंच टाइमला टाइल्स, गीझर, शॉवर याच गप्पा. कुठला शॉवर लाइट कमी खातो यावर तर जाम वाद होतात. मला विचाराल तर वादाचा मुद्दाच चुकतोय.

फंडा सोपा आहे. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण १.१६ वॅट-अवर वीज लागते. साधा हीटर रॉड असो, पंधरा लिटरचा गीझर असो की छोटा इन्स्टंट, जवळपास सगळी उष्णता पाण्यातच जाते. (स्टोरेज गीझर दिवसभर ऑन ठेवलात तर ती वाया जाते, ते वेगळं!) म्हणजे बिल ठरतं ते लिटरवर. २२ डिग्रीचं पाणी ४० वर न्यायचं, तर वीस लिटरच्या बादलीला ०.४ युनिट. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभे राहिलात की जवळजवळ १.७. सहा लिटरवालं हेड लावलं तर एक युनिट. आणि तीन किलोवॅटच्या इन्स्टंटवर रेन शॉवर? विसरा. तो मिनिटाला जेमतेम अडीच लिटर तापवतो.

आमच्या घरात मात्र हे गणित कागदावर सुटत नाही. बायको गोदाकाठची, नांदेडची. शॉवर म्हणजे तिची दिवसातली हक्काची आठ मिनिटं. मी लातूरचा. मला नळाचा आवाज दोन मिनिटांच्या वर ऐकवत नाही. २०१६ साली मांजरा धरण आटलं आणि लातूरला चक्क रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला, मिरजेहून, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास! तापवणं सोडाच, ते पाणी नुसतं गावात आणायला केवढी एनर्जी गेली असेल. त्या उन्हाळ्यात आई आम्हाला घमेल्यात उभं राहून आंघोळ करायला लावायची. साठलेलं पाणी संडासला. हे तिला सांगितलं की ती ऐकून घेते, आणि टॉवेल घेऊन आत जाते.

शेवटी सहा लिटरवालं हेड बसवलं, गच्चीवर सोलर. मराठवाड्यात ऊन काय, फुकटच. मे महिन्यात तर टाकीचंच पाणी कढत येतं. थंडीत मात्र सोलरच्या पाइपातून आधी गार पाणी येतं. ते बादलीत धरायचं, ही माझी अट. तिची अट, मी बाहेरून दार वाजवायचं नाही.