प्रकाशाला आवर

नाशिकजवळील त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं त्यांनीं छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्या काळीं अंधाऱ्या जागीं चित्र घ्यावयाचें झाल्यास मॅग्नेशियमची भुकटी पेटवीत. १८८७ सालीं जर्मनींत निघालेल्या अशा एका मिश्रणाचा एकदम भडका उडे. प्रकाश पुष्कळ मिळे. पण तो किती पडावा व किती वेळ टिकावा, हें बरेंचसें त्या भुकटीच्याच हातीं राही. कित्येकांचे हात भाजले. अग्नि पेटविणें सोपें, त्यास आवरणें कठीण.

आज खिशांतील फोनवर डाळीएवढा एलईडी दिवा तेंच काम करितो. त्यास आवरणारी आज्ञावली कशी रचितात, हें शिकण्याचा योग मला माझ्या मामांच्या द्राक्षबागेमुळें आला. ऑक्टोबर छाटणीनंतर कोंवळ्या फुटीवर पाऊस पडला, कीं केवडा रोगाचें भय असतें. प्रथम पानावर तेलकट पिवळसर डाग उमटतो; तो वेळीं दिसला नाहीं, तर वर्षाचें पीक हातचें जातें. म्हणून वेलीपाशीं एक लहान कॅमेरा बसवून रोज रात्रीं त्याच पानांचें चित्र घ्यावें, असें ठरलें. दिवसाचें ऊन क्षणोक्षणीं बदलतें. रात्रीं प्रकाश केवळ आपल्या दिव्याचा, आणि तो रोज तितकाच असेल तरच कालच्या व आजच्या पानाची तुलना खरी.

येथें ड्रायव्हरचें काम येतें. हा ड्रायव्हर मोटारीचा नव्हे. संगणकाची आज्ञा यंत्राच्या एखाद्या भागास समजावून देणारा तो दुभाषी होय. लिनक्स ह्या खुल्या प्रणालींत २०११ सालीं फ्लॅशसाठीं नियंत्रणांचा एक स्वतंत्र वर्ग करण्यांत आला. दिवा बंद असावा, क्षणभर झोत द्यावा, कीं टॉर्चप्रमाणें मंद जळत राहावा, हें पहिलें नियंत्रण ठरवितें. दुसरें प्रवाहाचें मान मिलिॲम्पिअरमध्यें ठरवितें. तिसरें इशारा कोणीं द्यावा तें सांगतें: आज्ञावलीनें, कीं खुद्द कॅमेऱ्यानें तारेवाटे. फोनसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा चित्र ओळीओळीनें टिपतो. सर्व ओळी उघड्या असतां दिवा लागला नाहीं, तर अर्धें चित्र काळोखांत राहतें. आज्ञावलीस इतका नेमका क्षण साधेलच असें नाहीं. म्हणून तो इशारा कॅमेऱ्याकडे सोंपविणें बरें.

चौथें नियंत्रण मला सर्वांत मोलाचें वाटतें. तें काळाची मर्यादा होय, व ती मायक्रोसेकंदांत मोजितात. दिवा लावणारी आज्ञावलीच मध्यें बंद पडली, तर त्यास विझविणार कोण? ह्यासाठीं दिव्याच्या चिपमध्येंच घड्याळ असतें. मुदत संपतांच तें कोणाच्याहि आज्ञेची वाट न पाहतां प्रवाह तोडतें. शिवाय दिवा फार तापला, प्रवाह बेसुमार झाला, किंवा तारा एकमेकींस चिकटल्या, तर चिप तो दोष नोंदून ठेविते. ड्रायव्हरनें तो लपवूं नये. विचारणाऱ्यास जसाच्या तसा सांगावा.

काम पाहून मामांनीं विचारलें, “अरे, उजेड आणखी वाढवतां येत नाहीं का?” मीं म्हटलें, “वाढवितां येईल, मामा. पण दिवा सोसेल त्यापलीकडे ड्रायव्हर जाऊं देत नाहीं. एका रात्रीं चित्र लख्ख निघेल, आणि पुढें हंगामभर दिवाच नसेल.” मामा हंसून म्हणाले, “मग हें आमच्या विरळणीसारखेंच कीं! हांवेनें सगळे घड ठेविले, तर एकहि धड पिकत नाहीं.” माझ्या चार पानांच्या टिपणांत जें उतरलें नव्हतें, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें.

बालमित्रहो, फवारणी करावी कीं नाहीं, हें अद्याप मामाच पान उलटून पाहून ठरवितात. यंत्र त्यांची जागा घेत नाहीं. ड्रायव्हरचें कर्तव्य इतकेंच, कीं त्यांच्या हातीं येणारें चित्र खरें असावें, आणि तें घेतांना दिवा जळून जाऊं नये. तें नीट पार पडलें, तर तो ड्रायव्हर आहे ह्याची कोणास आठवणहि होत नाहीं. अशीं निमूट कामें करावयास शिकणें, हेंहि शिक्षणच होय.