शामायच्या शेतातले काजवे

परीक्षा संपली आणि मावसभाऊ म्हणाला, "चल, चोडणला काजवे दाखवतो. कयाकमधून." मला पोहता येत नाही. तरी हो म्हटलं. मराठीच्या वर्गात कवितांतले काजवे भरपूर भेटलेत, खरे मात्र मोजून दोनदा, तेही घराच्या खिडकीतून.

रायबंदरहून फेरीबोटीने उतरलो तेव्हा अंधार पडत होता. अभयारण्याकडे न जाता गावामागच्या ओहळात कयाक घातली. मे संपत आलेला, अमावास्या जवळ, भरती चढत होती. लाइफ जॅकेटचा पट्टा मी तीनदा ओढून पाहिला. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. पणजीकडचं आभाळ मात्र कॅसिनोंच्या दिव्यांनी नारिंगी. भाऊ म्हणाला, "टॉर्च बंद कर. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. आपला उजेड मध्ये आला की त्यांचं बोलणं तुटतं."

वळणानंतर एका चिपीच्या झाडावर दिसले. आधी तीन-चार, मग मोजता येईनात. मलेशियात कुआला सेलांगोरला नदीकाठची झाडंच्या झाडं एका तालात उघडझाप करतात. आमचे काजवे एवढे शिस्तीचे नव्हते, ज्याचा त्याचा ताल, आमच्या चर्चच्या क्वायरसारखा! पण त्या दहा मिनिटांत मी पाण्याला घाबरायचं विसरले.

शामाय आता आमच्याकडे म्हापशात असते. काचबिंदूमुळे तिला फारसं दिसत नाही. "दिसले गो काजुले?" तिनं विचारलं. मी वर्णन करत सुटले: ओहळ, फुटका बांध, मानशीचे दगडी खांब, त्यामागची चिपी... खांब म्हटल्यावर तिनं जपमाळ खाली ठेवली.

"तें आमचें शेत."

ती चोडणची हे ठाऊक होतं. शेत कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिथं कोरगूट पिकायचं, खारेपणा सोसणारं भात. मानस म्हणजे बांधातली पाण्याची दारं. भरतीला आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची. बांधाला दरवर्षी चिखल लावायला माणसं लागत. ती मिळेनाशी झाली. कुणी गल्फात, कुणी बोटीवर. एका पावसात बांध फुटला, खारं पाणी आत आलं, शेत पडीक राहिलं आणि तिवर आपसूक उगवली. तेव्हा माझे पपाही बोटीवरच होते. त्याच पगारातून पुढे माझी फी भरली गेली.

म्हणजे ज्या रानापुढे मी गप्प झाले होते, ते माझ्या पपांपेक्षा वयाने लहान.

"शेत होतं तेव्हा काजवे होते?"

"आशिल्ले मगो. पूण पळोवपाक वेळ खंय आशिल्लो?"

तिनं जपमाळ पुन्हा उचलली. दोन मणी सरकवून थांबली. मानशीचं लाकडी दार अजून आहे का, एवढंच तिला हवं होतं. अंधारात मी ते पाहिलं नव्हतं. रविवारी मिस्सा झाल्यावर उजेडी जाऊन बघून येणार आहे.