चला तगरला!

बालमित्रांनो, सुट्टीत कुठं जायचं, असं विचारलं की आमच्या चौथीच्या वर्गात भराभर हात वर होतात. कुणाला मुंबई पाहायची असते, कुणाला समुद्र. पिरॅमिडचं चित्र पाहिल्यापासून बऱ्याच जणांना इजिप्तलाच जायचं आहे! पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं तिकीट… आई-बाबांनो, घाबरू नका. इजिप्तचा बेत तूर्त राहू द्या. दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तहून येणारी जहाजं ज्या गावचं कापड घेऊन जात, ते गाव आपल्या बीड जिल्ह्याला अगदी लागून आहे. तिथं एसटीनं जाता येतं.

त्या गावाचं नाव तेर. धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. जुनं नाव तगर.

हे कशावरून? इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यानं आपलं नाव लिहिलं नाही, पण बाजारपेठांची नावं मात्र नीट लिहिली. तो सांगतो, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून साधं कापड, मलमल, असा माल गाड्यांत भरून, जिथं धड रस्ता नाही अशा मुलखातून भडोचला येई. तिथून जहाजानं तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांकडं.

आता नकाशा उघडा. पैठण आणि तेर यांवर पट्टी ठेवून रेघ ओढा. रेघ कुठून गेली? थेट आपल्या जिल्ह्यातून, बीड शहराच्या जवळून! अंतर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. भागिले दहा दिवस. म्हणजे रोजचे १५ किलोमीटर, जवळजवळ पाच कोस. आमच्या वर्गात हे गणित सुटलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “बरोबर आहे. लादलेली गाडी याच्यापेक्षा जास्त हाणली तर बैल बसतील.” त्याचे आई-वडील दर वर्षी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. जे पुस्तकात मिळत नाही, ते त्यानं कारखान्याच्या वाटेवर पाहिलं होतं.

पण गंमत बघा. तेर हे पैठणच्या नेमक्या पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. त्यामुळं तगर नेमकं कोणतं, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. कुणी दौलताबाद म्हटलं, कुणी जुन्नर. डॉ. रा. गो. भांडारकरांनी तर आपल्या धारूरचं नाव सुचवलं होतं. १९०१ साली फ्लीट या संशोधकानं तेरचं नाव पुढं केलं. पुढं तेरला उत्खननं झाली, रोमन धाटणीच्या वस्तू निघाल्या आणि तेरची बाजू पक्की झाली.

तर मग बेत ठरवू या. केजहून कळंब, मधे मांजरा नदी ओलांडायची. कळंबहून ढोकी आणि तिथून जवळच तेर. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि एक वही. निघण्याआधी वस्तुसंग्रहालय कोणत्या दिवशी उघडं असतं, ते विचारून घ्या.

या संग्रहालयाला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव दिलं आहे. ते तेरचेच. गावच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा करून जपल्या. नाणी, मणी, मातीच्या बाहुल्या, दिवे असा ठेवा त्यातून जमला. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, वितीपेक्षाही लहान. तिच्यासारखीच भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची मूर्ती तिथं पोचली होती! आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदरात उत्खननात काय निघालं? भारतातलं सुती कापड आणि काळी मिरी.

मग त्रिविक्रमाचं मंदिर पाहा. ते विटांचं आहे. मागची बाजू चौकोनी नाही, गोलाकार आहे. मुळात हे बौद्ध चैत्य असावं, असं अभ्यासक मानतात. संत गोरोबाकाकांच्या समाधीचंही दर्शन घ्या. हजारो वर्षांची खापरं जपणाऱ्या या गावात कुंभार संत झाला, हे किती छान!

आता एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो. घर बांधायला, माळवदावर टाकायला लोक तिथली माती नेतात. त्या मातीबरोबर खापरं, मणी, नाणीही जातात आणि एक एक पान फाटावं तसा इतिहास संपत जातो. म्हणून तिथं काही दिसलं तर खिशात घालू नका. जागा लक्षात ठेवा, मोठ्यांना सांगा. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा कायदाच आहे, १८७८ सालचा!

आणि शिक्षकांनो, पालकांनो, ही सहल दसऱ्याच्या आत काढा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि वर्गातले कितीतरी बाक रिकामे होतात. सहल हिवाळ्यात गेली तर ज्या मुलांना गाडीवाट सगळ्यात जास्त ठाऊक आहे, तीच मागं राहतात. तगरच्या वाटेवर ती बरोबर हवीतच.

तोवर एक काम करा. गावातल्या सगळ्यात वयस्कर आजी-आजोबांना विचारा, “आपली जुनी पांढर कुठली?” उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.