नाकपुडीपाशी टेकवलेले बोट

भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो : 'झाड' या ध्वनींत झाडाचे काहीही नाही. सोस्यूरची यादृच्छिकता तेवढ्याने समजते. 'खळखळ', 'कडकडाट' असे अनुकरणवाचक शब्द अपवाद म्हणून बाजूला ठेवायचे. कर्णबधिरांच्या खुणा तर भाषेबाहेरच. त्या नुसत्या नकला, असे आम्ही वर्गात म्हटलेले आहे. आज ते आठवून लाज वाटते.

कोल्हापूरच्या त्या वर्गात एक मुलगी होती, जिचा थोरला भाऊ कर्णबधिर. तास संपल्यावर ती म्हणाली, "सर, नकला असत्या तर तुम्हांला कळल्या असत्या." मग तिने तर्जनी नाकपुडीच्या बाजूला टेकवली. आम्ही म्हणालो, वास? सर्दी? ती खूण 'स्त्री'ची होती. ती चमकीची जागा. अर्थ कळताच सादृश्य इतके उघड दिसले, की आधी ते का दिसले नाही, याचेच नवल वाटले. 'पुरुष' म्हणजे ओठावरची मिशी. "आणि दादा तर सफाचट असतो," ती हसून म्हणाली. चमकी न घालणारी बाईही त्या खुणेत स्त्रीच. म्हणजे सादृश्य खुणेला जन्म देते. पुढे ती चालते संकेतावर.

क्लिमा आणि बेलुगी यांनी 1979च्या ग्रंथात झाडाचेच उदाहरण दिले आहे (आमचे झाड, पण किती वेगळ्या कामासाठी!). अमेरिकन खुणेत कोपरापासून उभा हात आणि हलणारी बोटे. डॅनिश खुणेत दोन्ही हातांनी काढलेली घेराची आणि बुंध्याची रेघ. चिनी खुणेत बुंध्याला कवेत घेऊन वर सरकणारे हात. तिन्ही झाडासारख्या, आणि एकमेकींसारखी एकही नाही. झाडाचे नेमके काय उचलायचे, हे ती ती भाषा ठरवते. रूपक शिकवताना आम्ही हेच तर सांगतो : मुखाला चंद्र म्हणताना त्याचे डाग कोणी घेत नाही. त्यातही हाताचा आकार, जागा आणि हालचाल हे खुणेचे घटक स्टोको यांनी 1960मध्येच वेगळे करून दाखवले होते. आमच्या टिपणवहीत ते नव्हते, एवढेच.

हल्ली आम्ही फळ्यावर 'झाड' लिहिण्याआधी कोपर दुसऱ्या हातावर टेकवून पंजा हलवतो आणि विचारतो, हे काय? गेल्या जूनमध्ये मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, नको म्हणताय."