उचलता येईल तेवढे वजन

मोटारसायकल घ्यायचा विषय निघाला की आपल्या वसईत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ विचारणारा विशीतला असेल तर हा प्रश्न मागे पडतो आणि ताकदीचा, म्हणजे किती सीसीची, हा प्रश्न पुढे येतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात नव्या गाडीभोवती जी चर्चा रंगते, ती या दोन मुद्द्यांपलीकडे सहसा जात नाही. गाडीचे वजन किती, असे विचारणारा मला तेथे कधी भेटला नाही. तो प्रश्न आमच्या धाकट्या मुलीने विचारला.

2022 साली तिला जव्हार तालुक्यात काम मिळाले. जव्हार हे नाव आपल्या पिढीच्या कानावर आले ते 1992 सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. त्यानंतर पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले असले तरी कुपोषणाशी चाललेला झगडा संपलेला नाही. पाड्यापाड्यांवर जाऊन लहान मुलांची वजने व उंची घेणे, आयांशी बोलणे, नोंदी ठेवणे असे तिच्या कामाचे स्वरूप. मोठ्या गावापर्यंत एस.टी. जाते, तेथून पाडा दोन कोसांवर असतो आणि वाट कधी मुरमाची, कधी शेताच्या बांधालगतची, तर कधी ओढ्यातून जाणारी. शनिवारी संध्याकाळी मात्र तिला वसईला यायचे असते. म्हणजे पाच दिवस डोंगरातल्या वाटा आणि आठवड्यातून दोनदा विक्रमगड, मनोर करीत मुंबई-अहमदाबाद महामार्ग, तोही ट्रक व कंटेनर यांच्या सोबतीने. एका बाजूचा हा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास जातो.

या दोन रस्त्यांच्या मागण्या परस्परांच्या विरुद्ध आहेत. महामार्गावर गाडीला सत्तर-ऐंशीचा वेग विनासायास धरता आला पाहिजे. नाहीतर मागून येणारा ट्रक आपल्या पाठीवर श्वास सोडू लागतो. पाड्याच्या वाटेवर वेगाला किंमत नाही. तेथे गाडीचे पोट दगडाला घासू नये, चाक खड्ड्यात रुतू नये आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने मान टाकू नये, एवढेच मागणे असते. पुढचे चाक मोठे असले तर ते खड्ड्यात पडण्याऐवजी त्याच्या काठावरून पुढे सरकते. बैलगाडीचे चाक मोठे का असते, हे ज्याने आपल्या आजोबांना विचारले असेल त्याला हे समजायला कोणत्याही जाहिरातीची गरज नाही.

माझ्या वडिलांकडे राजदूत होती. एस्कॉर्ट्स कंपनीची ती 175 सीसीची गाडी भाजीच्या टोपल्या आणि केळीचे घड लादून बाजाराला जात असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरावे लागे आणि थंडीत किक मारून मारून पोटरी दुखे. रस्त्याची व बिनरस्त्याची अशी वेगवेगळी गाडी असते, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही नव्हते. जी होती तीच सगळीकडे जाई. आजही जव्हारकडे गेलात तर बहुतेक शिक्षक, आरोग्य कर्मचारी, दूधवाले स्प्लेंडरवरच दिसतील. ती एकशे बारा किलोची, बैठक जमिनीपासून 785 मिलिमीटर, दुरुस्ती कोणत्याही नाक्यावर. मुलीने चालवायला शिकली तीही अशाच एका जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर, भात कापून मोकळ्या झालेल्या आमच्या शेतात. ढेकळांतून आणि बांधांवरून. शिकण्यासाठी मी आजही हीच गाडी सुचवीन. ती पडली तर कुणाचे काही मोठे नुकसान होत नाही. पण तिच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल झाल्या की मधला उंचवटा इंजिनाला लागतो. शिवाय महामार्गावर तिचा जीव लहान पडतो. पाठीवरच्या पिशवीत वजनकाटा आणि बाळांची लांबी मोजायची लाकडी फळी असली म्हणजे तर विचारायलाच नको.

मग उरल्या दोन. एक रॉयल एनफील्डची हिमालयन, 2016 साली आलेली, 411 सीसीची. दुसरी हिरोची एक्सपल्स, 2019 सालची, दोनशे सीसीची. (हिरोनेच 2011 मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सीसीची हलकी गाडी काढली होती. या कामाला ती चांगली होती. पण आपल्या लोकांना ती उंच आणि अशक्त वाटली आणि काही वर्षांत बंद पडली. काळाच्या आधी जन्मलेल्यांचे असेच होते.) आमच्या परिचयातल्या जाणत्या मंडळींचा कौल हिमालयनला होता. महामार्गावर ती भक्कम, बैठक 800 मिलिमीटर म्हणजे एक्सपल्सपेक्षा 25 मिलिमीटरने कमी. मुलगी पाच फूट दोन इंच, तेव्हा तिचे पाय टेकतील. हा युक्तिवाद खोटा नव्हता. एक्सपल्सवर बसली की तिचे दोन्ही चवडेच काय ते जमिनीला लागत.

‘‘पप्पा, उभी असताना पाय टेकतात की नाही ते मी बघेन,’’ ती म्हणाली. ‘‘आडवी पडल्यावर काय करायचे? पाड्याच्या वाटेवर कुणाला हाक मारू?’’

दोन्ही गाड्या परिचितांकडे होत्या. एका रविवारी दुपारी त्या आमच्या शेतावर आणल्या, पेंढा पसरला आणि त्यावर हलकेच आडव्या केल्या. मालकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. गाडी उचलण्याची एक रीत आहे आणि ती ताकदीची कमी, बेताची जास्त. प्रथम इंजिन बंद करायचे. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्यापूर्वीच बाजूचे स्टँड उघडून ठेवायचे, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे कोसळत नाही. गिअर टाकलेला असावा, नाहीतर चाक घरंगळते. मग गाडीकडे पाठ करून बैठकीच्या कडेला कंबर लावायची, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची पकड, आणि कण्याला ताण न देता पायांनी रेटत लहान लहान पावले मागे टाकायची. विहिरीवरचा हंडा डोक्यावर घेताना बाया जसा गुडघ्यांतून जोर काढतात, तसेच.

हिमालयन जवळजवळ दोनशे किलोची. मुलीने ती एकदा उभी केली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आणून सोडली. एक्सपल्स 158 किलोच्या आसपास. ती तिने लागोपाठ तीनदा उभी केली आणि चौथ्यांदा मी नको म्हटले. चाळीस किलोचा हा फरक शोरूममध्ये कुणाला दिसत नाही. चिखलात, दमलेल्या अंगाने, पाऊस पडत असताना तोच फरक वाट चालू ठेवतो किंवा थांबवतो. उंचीचा प्रश्न तिने निराळ्या रीतीने सोडवला : मागच्या स्प्रिंगचा ताण कमी करून घेतला, जाड तळव्याचे बूट घेतले आणि थांबताना बैठकीवरून किंचित डावीकडे सरकून एकच पाय पूर्ण टेकवायची सवय लावली. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा आग्रह बरेचदा पाहणाऱ्यांचाच असतो.

उरलेले मुद्दे तिच्या पसंतीच्या बाजूचेच निघाले. पोटाखाली 220 मिलिमीटर जागा, पुढचे चाक एकवीस इंचांचे, मागचे अठरा, दोन्ही तारांच्या आऱ्यांची. दगडावर आदळून वाकलेले आरे मेस्त्री ताणून सरळ करतो. ओतीव चाकाला तडा गेला तर ते टाकूनच द्यावे लागते. पुढच्या ब्रेकला एबीएस होते, मागच्याला नव्हते. सैल मुरमाच्या उतारावर या यंत्रणेवर विसंबू नये, पहिला गिअर ठेवून इंजिनाच्या ओढीनेच उतरावे, हे तिला शेतातच शिकवले होते. आणि हिमालयनला दोन लाखांच्या वर मोजावे लागत असताना ही बरीच स्वस्त पडली. वाचलेल्या पैशांतून आयएसआय चिन्हाचे चांगले हेल्मेट, गुडघे-कोपरांची कवचे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. माझे स्पष्ट मत आहे की गाडीसाठी ठेवलेल्या पैशांतला दहावा हिस्सा अंगावर घालायच्या वस्तूंसाठी आधीच बाजूला काढावा. जाहिरातीतले तरुण लडाखच्या नद्यांतून पाणी उडवत जातात ते पाहून आपण गाडी घेतो, आणि मग चपला घालून फिरतो.

हिच्या आईचा विरोध होता. तो तिने बोलून दाखवला नाही, पण गाडी घरी आली त्या संध्याकाळी रोझरीच्या वेळी तिने एक प्रार्थना वाढवली, ती आजतागायत चालू आहे.

जुलैत व्हायचे ते झाले. एका शनिवारी जेवताना मुलगी सहज म्हणाली की बुधवारी फरशी ओलांडल्यावरच्या चढावर मागचे चाक सरकले आणि गाडी आडवी झाली. फरशीवरून पाणी वाहत होते का, हे मी आधी विचारले. नव्हते, असते तर ती थांबली असती. क्लचच्या दांडीचे टोक मोडले, फळीला एक चीर गेली. आजूबाजूला कुणी नव्हते. पाच-सात मिनिटांत गाडी उभी केली, उरलेल्या अर्ध्या दांडीवर दोन बोटांनी क्लच दाबत पाड्यावर पोहोचली आणि ठरल्याप्रमाणे अकरा बाळांची वजने घेतली. हे सारे तिने भात कालवता कालवता सांगितले. आईने तिच्या ताटात मासळीचा आणखी एक तुकडा वाढला आणि काही बोलली नाही. मीही बोललो नाही. तीन दिवस आपल्याला ठाऊकच नव्हते, ही गोष्ट त्या रात्री मला झोपू देईना. बुधवारी दुपारी मी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

त्यानंतर तिने क्लच आणि ब्रेकची एकेक जादा दांडी जुन्या लुगड्याच्या पट्टीत गुंडाळून सामानाच्या पिशवीत ठेवली. राहिला प्रश्न पंक्चरचा. तारांच्या चाकात ट्यूब असते, आणि खिळा लागला की हवा एकदम जाते. पाड्यावर पंक्चरवाला मिळणे शक्य नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी रात्री ओटीवर दिवा लावून आम्ही दोघांनी मागचे चाक काढले. टायरची कड पट्ट्यांनी उचकटताना नवी ट्यूब चिमटीत सापडू न देणे हेच त्यातले कसब. पहिल्या खेपेला तिला दीड तास लागला, दुसऱ्यांदा पन्नास मिनिटे. सकाळी मिस्साला निघताना आईने दोघांचे हात पाहिले आणि आम्हाला साबण देऊन पुन्हा मोरीवर पाठवले.