टेक-ऑफ कुणीही करतं!

ताईच्या बाळाचं बारसं बंगळुरूला होतं, मे २०२४मध्ये. मी मुंबईहून ट्रेननं निघाले. गाडी लेट झाली. पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, नाव ठेवून झालं होतं आणि ताई माझ्याशी धड बोललीही नाही. विमानाचं तिकीट मला परवडत होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. कमी पडली होती ती हिंमत!

झालं होतं असं, की २०१९च्या पावसाळ्यात मुंबईत उतरताना आमचं विमान जाम हादरलं. तेव्हापासून मी रुळांवरच. फ्रीलान्सर असल्यामुळे ‘मला काय, वेळच वेळ आहे’ ही थाप खपूनही जायची.

शेवटी ग्रुपमधला एक गेमर मित्र म्हणाला, ‘‘तू एकदा स्वतःच विमान उतरवून बघ. काय चाललंय ते कळलं की निम्मी भीती जाते.’’ आणि त्यानं माझ्या जुन्या पीसीवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० टाकून दिला. टेक-ऑफ झक्कास! ढगांवर तर सगळं लोण्यासारखं. पण रनवे २७साठी घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली यायला लागले, की चित्र अडखळायचं. चाकं टेकायच्या ऐन क्षणी चक्क गोठायचं. नेमका माझ्या भीतीचा क्षण!

मी ग्राफिक्स कार्डाच्या नावानं बोटं मोडली. मित्रानं फ्रेम्सचा मीटर चालू केला. त्यावर लिहून आलं, ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’. म्हणजे कार्ड निवांत बसलं होतं, दमत होता तो प्रोसेसर.

हा फंडा मला कळला तो आईच्या स्वयंपाकघरामुळे. घरात सोळा माणसं असली तरी फोडणी एकच जण देतं. बाकीचे फार तर कांदा चिरतील. सिम्युलेटरचंही तसंच. थोडंफार काम वाटून घेता येतं, पण मुख्य धागा एकाच कोअरच्या गळ्यात. खाली शहर दाट झालं, की त्याची तारांबळ उडते. अशा वेळी मिसळणाचा डबा हाताशी हवा. तो म्हणजे प्रोसेसरमधला कॅश. मेमरी म्हणजे ओटा आणि एसएसडी म्हणजे माळा. मोहरीसाठी माळ्यावर चढावं लागलं, तर फोडणी करपलीच समजा!

एवढं ज्ञान घेऊन डिसेंबर २०२४मध्ये लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, सोळा कोअर घ्या, टेन्शनच नाही.’’ तो दाखवत होता रायझन ९ ७९५०एक्स. त्यात कॅश ६४ एमबी, तोही दोन भागांत वाटलेला. शेजारी होता रायझन ७ ७८००एक्स३डी. कोअर आठच, पण कॅश ९६ एमबी. निम्मी माणसं, दीडपट डबा! मी आठवाला उचलला.

मग मेमरी. नुकत्याच आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर २०२४साठी किमान १६ जीबी, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ असा हिशेब होता. मी ३२ घेतली. डीडीआर५, ६०००चा स्पीड, १६-१६च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी घेतली तर मेमरीचा रस्ता अर्धा होतो आणि चार बसवल्या, तर या बोर्डांवर स्पीड सहसा खाली आणावा लागतो. एवढं करून घरी बघते तर मेमरी ४८००वरच! बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केलं, तेव्हा कुठे ती पूर्ण वेगानं धावली. तुम्ही हे विसरू नका, प्लीज.

२०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तरीही सांगते, काटकसर करायचीच असेल तर रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर करा, ओट्यावर नको. आणि दुकानात सरासरी फ्रेम्स विचारत बसू नका. ढगांत कुठलंही मशीन छानच चालतं. सगळ्यात वाईट क्षणी, दाट शहरावर, पावसात ते किती खाली घसरतं, ते विचारा.

मग रोज रात्री जेवण झालं, की मी मुंबईत उतरायचे. कधी पाऊस, कधी आडवा वारा. चित्र आता अडखळत नव्हतं, त्यामुळे काय चाललंय ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत दिसलं. हादरे बसले तरी विमान रेषा सोडत नाही, हे दिसलं. जमिनीजवळ येताना इंजिनाचा आवाज का बदलतो, ते कळलं. पन्नासेक वेळा तरी आपटलेही!

मे २०२५मध्ये भाचीचा पहिला वाढदिवस होता. मी विमानाचं तिकीट काढलं. बंगळुरूवर ढगांतून खाली येताना विमान हादरलं आणि माझा उजवा हात मांडीवर नसलेली जॉयस्टिक धरून बसला. धप्प! टेकलो.

बाहेर ताई उभी होती, कडेवर भाची. मला बघून एवढंच म्हणाली, ‘‘आज ट्रेन वेळेवर आली वाटतं!’’